निळ्या कार्डाची खोली

३ जानेवारी
पोचले एकदाची! उंदरांच्या पेशींवर काम करायचं म्हणून किती वर्षं जीव टाकला, आणि आज या प्रयोगशाळेत माझी स्वतःची खोली आहे. पलंग, टेबल, गरम पाणी, दाराला काचेची छोटी खिडकी, बाहेर एक टवटवीत निळं कार्ड. ताईला फोनवर म्हटलं, जावयासारखी बडदास्त आहे माझी. ती म्हणाली, बरं झालं, तुझं तोंड तरी बंद राहील. अट एकच: आत काम करणाऱ्यांनी आतच राहायचं. बाहेरचा रोग उंदरांना लागला तर सगळे प्रयोग पाण्यात जातील. पण आमच्या प्रमुख मॅडमनी महिनाअखेरीची रजा तोंडी कबूल केली आहे. ताईचं बाळंतपण तेव्हाच आहे. आई नाही, म्हणजे आईच्या जागी मीच. जाणार म्हणजे जाणार.

७ जानेवारी
हात बसला कामावर. आधी बादलीत बर्फ भरायचा, मगच उंदीर आणायचा. उलटं केलं की पेशी खराब होतात आणि मॅडमची बोलणी खावी लागतात. उंदराचं यकृत काढून बर्फावर बारीक करायचं, नळ्या यंत्रात गरगरा फिरवायच्या, तळाशी बसलेले कण वेगळे काढायचे. पेशींच्या चुलीच त्या. त्या किती ऑक्सिजन खातात ते मोजायचं. आज आकडे इतके सुरेख आले की मी एकटीच हसत बसले.

पिंजऱ्यांतला भुसा बदलणाऱ्या गृहस्थांना सगळे भुसावाले काका म्हणतात. आमच्या चादरीही तेच बदलतात. त्यांनी आज पहारेकरी उंदीर दाखवला. दाराजवळच्या पिंजऱ्यात एकटाच, गुबगुबीत. त्याच्यावर प्रयोग नाहीत. बाकी सगळ्या पिंजऱ्यांतला मूठमूठ घाण भुसा त्याच्या पिंजऱ्यात टाकायचा. खोलीत एखादा छुपा रोग असला तर तो याला लागतो आणि आपल्याला कळतो. मी म्हटलं, मजा आहे बुवा याची, नुसतं खायचं आणि लोळायचं. काका हसले नाहीत.

१४ जानेवारी
तळमजल्यावरच्या दोघांना ताप आहे म्हणे. माझ्या उशीच्या अभ्र्यात पांढरा केस सापडला. अभ्र्याला कुणाच्या तरी तेलाचा वास. मी तेल लावत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, धुण्याचं यंत्र बिघडलंय, चालवून घ्या. चालवून घेतलं. उगाच नखरे कशाला.

१९ जानेवारी
मॅडम खोलीवर आल्या. ताप पाहिला, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. किती आपुलकी, असं मला वाटलं. मग आठवलं, उंदराच्या गाठी मी अश्शाच चाचपते. रजेचं विचारलं तर म्हणाल्या, बघू. परवापर्यंत ‘नक्की’ होतं, आज ‘बघू’ झालं. ताईला काय सांगू? तिला वाटतंय मी सामान बांधतेय.

२२ जानेवारी
आजची चादर उबदार होती. वाळत घातल्याची ऊब नव्हे. अंगाची. आणि घामाने ओली. मी ती काढून कोपऱ्यात फेकली आणि नुसत्या गादीवर बसले. काकांनी दुसरी आणली. तीही तसलीच. त्यांना म्हटलं, ही कुणाची? ते खाली बघून म्हणाले, सगळ्यांची थोडी थोडी.

सगळ्यांची थोडी थोडी. मूठमूठ.

बाहेर जाऊन बाकीची दारं पाहून आले. सगळ्यांवर पांढरी कार्डं. निळं फक्त माझ्या दारावर. मग धावत पिंजऱ्यांच्या खोलीत गेले. पहारेकऱ्याच्या रिकाम्या पिंजऱ्यावर तेच निळं कार्ड. रोज बघत होते. बघूनही डोक्यात शिरलं नाही.

२४ जानेवारी
दार बाहेरून बंद, फोनही काढून नेलाय. जेवण खालच्या फटीतून सरकवतात. ओरडून ओरडून घसा बसला. काचेतून मॅडम बघतात आणि काहीतरी लिहून घेतात. आज त्यांनी दाराशी येऊन सांगितलं, की ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ताई सारखी विचारतेय म्हणे, ही कधी येणार. मी दारावर डोकं आपटून रडले. त्या उभ्या राहिल्या, मग गेल्या.

२६ जानेवारी
ताप नाही. गाठ नाही. खोकला नाही. ठणठणीत आहे मी! रोग लागला नाही म्हणजे यांचं काम झालं. आता का ठेवतील? काकांना फटीतून तेच सांगितलं — मी बरी आहे, मॅडमना सांगा, मला भाचीला बघायचंय. त्यांनी जेवणाचं ताट आत सरकवलं. मग म्हणाले, तुम्हीच शिकलेल्या, तुम्हाला माहीत आहे.

काय माहीत आहे —

२७ जानेवारी
माहीत आहे. मागच्याच आठवड्यात मी स्वतः कापला — तो गुबगुबीत पहारेकरी. ठणठणीत होता. पण वरून दिसत नाही ना. रोग नाही याची खात्री करायची तर रक्त, यकृत, फुप्फुस — उघडूनच — आजारी असो नसो —

ताई, मी येणार होते. खरंच गं —

पावलं. काका नाहीत, दोघंतिघं आहेत. दाराबाहेर बादली ठेवली. तिच्यात काहीतरी ओततायत, खळखळ — बर्फ. आधी बर्फ भरायचा, मगच