पासवर्ड सांगितल्याबद्दल निलंबित झालेल्या महांतेश यांच्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
गोदातीर रक्तदाता नोंदणी केंद्र,
नांदेड.

विषय : संगणक विभागातील श्री. महांतेश यांचे निलंबन मागे घेणे व काउंटरवरील श्रीमती रईसा यांना कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'दोषींवर कारवाई केल्याबाबत'.

महोदय,

अर्जदार उदगीर येथे भांड्यांचे दुकान चालवतो. त्याची पत्नी मंजुश्री बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण त्यानंतर रक्तस्राव थांबेना. मंजुश्रीचा रक्तगट बॉम्बे. तो फार थोड्या लोकांत सापडतो आणि दुसरे कोणतेही रक्त तिला चालणार नव्हते. डॉक्टरांनी अर्जदारास आपल्या केंद्रावर पिटाळले.

काउंटरवर रईसाताई होत्या. दाते शोधण्याचे संगणकावरचे रोजचे पान सकाळपासून बंद पडले होते. रक्तदात्यांचा डेटाबेस मात्र सुरू होता. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्याला थेट जोडता येत होते, परंतु त्याचा पासवर्ड काउंटरला देण्याची परवानगी नव्हती. ताईंनी वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन केले. कोणी उचलला नाही. शेवटी त्यांनी रजेवर लातूरला गेलेल्या महांतेश यांना लावला. हात टाइप करायला मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला, त्यामुळे पुढचे सर्व अर्जदाराने स्वतः ऐकले आहे.

"पासवर्ड फोनवर सांगायचा न्हाई ताई, तसा नियम हाय," महांतेश म्हणाले.

"भाऊ, बाई हातची जाऊन राहिली," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

 मग महांतेश यांनी एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.

पहिल्यांदा पासवर्ड चुकला. कोणते अक्षर मोठे, कोणते लहान, हे त्यांनी पुन्हा सांगितले. जोडणी झाली. त्यांनी सांगितलेली, दाते शोधायची एसक्यूएलची आज्ञा ताईंनी टाइप केली, तरी पडदा गप्प. अर्जदाराला वाटले, या गटाचा कोणीच नाही.

"सेमीकोलन राहिला, ताई. तो दिल्याबिगर मशीन नुसतं वाट बघत बसतंय."

ताईंनी तो दिला आणि नावे उमटली. त्यांपैकी एकाचाच फोन लागला, हदगावच्या अमान यांचा. हातातली फवारणी टाकून ते मोटारसायकलीने निघाले. आले, तपासणी झाली, रक्त दिले. ते मंजुश्रीला चढू लागले. अर्धी पिशवी चढली असेल नसेल, मंजुश्री गेली. अमान बाहेर दंड दाबून बसले होते. "आता कशी हाय तब्येत?" असे त्यांनी विचारले.

आपण पत्राने कळवले आहे की, गोपनीय पासवर्ड सांगणाऱ्या व वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली असून अर्जदाराची तक्रार निकाली निघाली आहे. महोदय, अर्जदाराने तक्रार केलीच नव्हती. करायचीच झाली तर ती बंद पडलेल्या पानाची आणि न उचललेल्या फोनांची आहे. नियम मोडला, हे अर्जदार नाकारत नाही. दात्यांची माहिती उघड्यावर पडू नये, हेही त्यास पटते. परंतु त्या दुपारी नियम पाळला गेला असता, तर स्वतःच्या बायकोसाठी कोणीच धावले नाही, हे मनात घेऊन अर्जदाराला जगावे लागले असते.

मंजुश्रीच्या उत्तरकार्याच्या, शिवगणाराधनेच्या दिवशी महांतेश उदगीरला घरी आले. दाराशीच बसले. अर्जदाराची आई नागम्मा हिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. "अण्णा, मला उशीर झाला," एवढे म्हणून ते रडू लागले.

सबब विनंती की, दोघांनाही कामावर घ्यावे. तसेच, उशीर महांतेश यांच्यामुळे झाला नाही, असे त्यांना केंद्राच्या शिक्क्यानिशी लेखी द्यावे. अर्जदाराने तोंडी सांगून पाहिले. त्यांना ते पटत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेला,

उमाशंकर गुरुपादप्पा बिरादार
उदगीर, जि. लातूर
दि. ९ सप्टेंबर २०२४

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत
२. मृत्यूच्या दाखल्याची प्रत
३. मुलीच्या जन्माच्या दाखल्याची प्रत (नाव अद्याप ठेवलेले नाही)