सरदारच्या पायाचा काटा

४ मार्च २००१
गारगोटीहून फोन. सासऱ्यांचा कोंबडा मुंगसानं नेला. मागे आठ कोंबड्या. मी ताबडतोब जाहीर केलं, नवा कोंबडा माझ्याकडून! लग्नाला नऊ वर्षं झाली, सासरे अजून मला ‘पावणं’ म्हणतात. एसटीच्या कंडक्टरलाही तेच म्हणतात. यंदा ‘जावईबापू’ म्हणवून घ्यायचंच.

५ मार्च
लंच टाइममध्ये पोल्ट्रीवरचं पुस्तक चाळलं. नराची खूण : पायाला मागून काटा. विषय संपला. पुढची पानं वाचायची गरज वाटली नाही.

७ मार्च, सकाळ
बाजारातून आणला. दोन्ही पायांना काटे, अर्धा अर्धा इंच! विकणारी बाई म्हणत होती, पावणं, कोंबडी हाय ही. मी काटा दाखवला. मग म्हणाली, तुम्ही म्हनशिला तसं. नाव ठेवलं सरदार.

संध्याकाळ
बायकोचं, निशाचं म्हणणं, थोराड कोंबडीलाही काटा फुटतो. मानेची पिसं बघा, कोंबड्याची टोकदार असतात, हिची गोल आहेत. ‘हिची’ म्हणाली! व्याकरण सुधारून दिलं. पिसांना टोक येईल सावकाश.

८ मार्च, पहाटे ५
बांग ऐकायला उठलो. बांग नाही. नवी जागा, संकोच असणार.

९ मार्च
आजही नाही. शेजाऱ्यांची झोपमोड नको, एवढी समज आहे त्याला. कोंबडा किती दिवसांनी आरवतो म्हणून ऑफिसात धनपालला विचारलं. तो जैन, कांदासुद्धा खात नाही. म्हणाला, मला या भानगडीत घेऊ नकोस.

११ मार्च
गारगोटी. सरदारला स्वतः पोचवला. सासऱ्यांनी त्याला उलटासुलटा करून पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाले, कोंबडाच हाय न्हवं, पावणं? मी म्हणालो, काटा बघा की! सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. भरून आलं असावं.

१८ मार्च
सासऱ्यांचा फोन. सरदार बाकीच्या कोंबड्यांत असा मिसळलाय की वेगळा ओळखू येत न्हाय, म्हणाले. स्वभावच गोड त्याचा.

१ एप्रिल
पुन्हा फोन. सरदार दिवसभर कोपऱ्यात बसून असतो. जवळ गेलं की पिसं फुगवतो. मी समजावलं, आठ जणींची जबाबदारी पडल्यावर कुणीही गंभीर होतो. त्यांनी सासूबाईंना फोनवर बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. पटलं त्यांना. निशा स्वयंपाकघरात उगाच खोकत होती.

८ एप्रिल
सासऱ्यांचे शेजारी पिराजी सकाळी जीप घेऊन दारात. हातात डालगं. डालग्याला हिरवा खण बांधलेला, वर नारळ. आत सरदार. सरदारखाली सात अंडी.

पिराजींनी सासऱ्यांचा निरोप सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला. जावईबापू, तुमची लेक धाडलीया. पयलं बाळातपण माहेरीच करायची रीत हाय.

निशानं डालग्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डालगं घरात घेतलं.

असो. ‘जावईबापू’ म्हणाले, हे मात्र खरं. त्या आनंदात सरदारच्या पाठीवरून हात फिरवायला गेलो, तर अंगावर आली.