बोललं-चाललं माफ

मीरा रोड (पूर्व)
शनिवार, १९ नोव्हेंबर १९९४

प्रिय रुकय्या आपा,

सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत. दुल्हाभाईंना आता जिना चढता येत असेल, अशी आशा करतो. ऑपरेशननंतर इंग्लंडची थंडी सोसत नाही म्हणतात. त्यांना जप.

हे पत्र तुझा लेक तन्वीर स्वतः तुझ्या हातात देईल. दारात पाय ठेवल्यावर आधी पत्र, मग बाकीचं बोलणं, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तुलाही तेवढंच सांगतो. पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच्याशी काही बोलू नकोस आणि मोठ्याने वाचू नकोस. आपली भाषा त्याला कानाने समजते, मराठी वाचता येत नाही, हे एक बरं आहे.

अम्माचं तू फोनवर विचारलंस तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. पूनम सागरच्या बूथवर मागे माणसं उभी होती. शेवटी तिने कुणाचं नाव घेतलं का, असं तू विचारलं होतंस. नाही घेतलं. दुपारी तिने सुनेकडे, हमीदाकडे चहा मागितला, अर्धा प्याली, साखर कमी आहे म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. हमीदा साखर घेऊन येईपर्यंत संपलं होतं. खालच्या मजल्यावरची वैजयंता उशाशी बसली होती, तिलाही कळलं नाही. एवढंच झालं. तुझ्या न येण्याबद्दल इथे कुणी काही बोललं नाही. दुल्हाभाईंना तसं टाकून तू कशी येणार होतीस?

मुर्ध्याची गोदूबाई मासळी घेऊन आली तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. दारातच बसली. "म्हातारी न्हाय तं माज्याशी भांडंल कोन आता?" म्हणाली. मांदेलीचा वाटा ठेवून तशीच गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

तुझ्यासाठी कोकम, कुळथाचं पीठ आणि अम्माची जपाची तसबी पाठवत आहे. तन्वीरच्या बॅगेत वरच आहे.

आता तन्वीरबद्दल लिहितो.

तो आला तो मयताचा तिसरा दिवस होता. दफन आधीच झालं होतं. तीन दिवस आपल्याकडे चूल पेटत नाही. दोन्ही वेळचं जेवण वैजयंता खालून पाठवत होती. तिचा नवरा कोंडिराम माझ्याच ऑफिसात आहे, मंडणगडकडचा, बौद्ध. या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघांनी एकदमच खोल्या घेतल्या. मागच्या वर्षी जानेवारीत दंगलीच्या दिवसांत, हायवेकडून माणसं येतायत अशी बातमी उठली, तेव्हा कोंडिरामने अम्माला हात धरून खाली नेलं होतं. चार दिवस ती त्यांच्याकडे होती. नमाजाच्या दिशेलाच भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वैजयंता तिच्यावर टॉवेल घालायला निघाली, तर अम्मा म्हणाली, "राहू दे गं, शिकलेल्या माणसाला कोण झाकतं का?" आणि जागा बदलून बाजूला उभी राहिली. हे मी तुला तेव्हा लिहिलं नव्हतं. तू काळजी केली असतीस.

तर त्या दिवशी वैजयंताने तांदळाची भाकरी आणि पिठलं दिलं होतं. तन्वीरने विचारलं, कुणी केलं? हमीदाने सांगितलं. त्याने डबा उचलला आणि दाराबाहेर जिन्यात नेऊन ठेवला. नेमकी तेव्हाच वैजयंता ताकाचं भांडं घेऊन वर येत होती.

"काय रे बाबा, मीठ जास्त पडलं का?"

"हम आपके घर का नहीं खाते," तो म्हणाला.

ती म्हणाली, "तुझी आजी खायची. तिच्याहून मोठा मुसलमान झालास होय रे?"

मी डबा घेतला, जिन्यात बसलो आणि तिथेच जेवलो. वैजयंता समोर उभी राहून ताक ओतत होती. तन्वीरने आतून दार लोटून घेतलं.

आपा, तो वाईट मुलगा नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. रोज संध्याकाळी तो गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसायचा. शाळेतून येताना पोरं त्याच्यावर थुंकायची, हे तुला माहीत होतं का? तो म्हणाला, "अब्बा सांगायचे, मान खाली घालून चाल, आपण इथे पाहुणे आहोत. मामू, मी तिथेच जन्मलो. मी पाहुणा कसा?"

मग बोस्नियाच्या युद्धाचं काढायचा. त्याच्याकडे व्हिडिओ कॅसेटी आहेत. तुमच्या गावात कुठल्याशा दुकानाच्या माडीवर पोरं जमतात आणि त्या बघतात. तो म्हणाला, "तिथले मुसलमान गोरे होते, मामू. दाढ्या नव्हत्या. शेजाऱ्यांबरोबर बसून प्यायचे, त्यांच्यात लग्नं करायचे. इंग्लंडचे लोक आम्हाला सांगतात ना, आमच्यासारखे व्हा? ते झाले होते. मग त्यांना शेजाऱ्यांनीच मारलं. आणि तुम्ही मला कोंडिराम दाखवता."

"कोंडिरामने दार उघडलं होतं," मी म्हटलं.

"त्यांनी उघडलं. बाकीच्यांनी?"

बाकीची दारं बंद होती, हे खरं आहे. मला वाद घालता येत नाही, तुला माहीतच आहे. वाटलं, वयाचा जोर आहे, उतरेल.

आणि उतरल्यासारखं दिसलंही. अम्माचा चाळिसावा दिवस झाला. फातिहा पढायला तो बसला नाही, पण भांडलाही नाही. पुढे एकदम मऊ झाला. हमीदाच्या हातातून पाण्याच्या बादल्या घ्यायचा. कॅसेटी पुन्हा बाहेर काढल्या नाहीत. परवा संध्याकाळी आपण होऊन खाली गेला. वैजयंताच्या उंबऱ्यात बसला, तिच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "मावशी, माझं बोललं-चाललं माफ करा."

वैजयंता धावतच वर आली. "भाईजी, पोरगं वळणावर आलं हो! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, जा रे, तेव्हाच माफ केलं."

हमीदा म्हणाली, माझ्याकडेही माफी मागितली त्याने. वॉचमनकडेही मागितली. दोघी हसत होत्या, खूष होत्या. हमीदाने तेवढ्यात त्याच्यावरून पैसे ओवाळून सदका उतरवला.

मी उठून एकटाच गच्चीवर गेलो.

आपले अब्बा हजला निघाले तेव्हा गावात दारोदार फिरले होते, तुला आठवत असेल. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही दारात गेले. माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो, तो अल्लाहही माफ करत नाही, म्हणून. आपल्यात असं सगळ्यांकडे कोण मागत फिरतं? हजला जाणारा. नाहीतर परत यायचं नाही हे ज्याला ठाऊक आहे तो. तन्वीर हजला निघालेला नाही. आणि ज्याच्या घरचं अन्न चालत नाही, त्याच्या दारातही जाऊन जो हिशेब मिटवतो, तो वळणावर आलेला नाही, आपा. तो निघालेला आहे.

काल एअरपोर्टच्या टॅक्सीचं ठरवायला आम्ही काशीमीऱ्याला गेलो होतो. हायवेच्या कडेला उभे असताना मी विचारलं, "कुठे निघालास?"

"घरी."

"आणि घरून?"

तो खोटं बोलत नाही, एवढं तुझं शिकवणं त्याच्यात आहे. म्हणाला, "बोस्नियाला औषधांचे ट्रक जातात, त्यांच्याबरोबर."

"आणि ट्रक पोचल्यावर?"

समोरून ट्रकांची रांग जात होती. ती संपली तरी तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, तुमच्याकडेच मागायची राहिली. मला माफ करा."

"नाही करत."

तो हसला. त्याला मस्करी वाटली. "असं कोणी म्हणत नाही, मामू."

"मी म्हणतो."

"तुमचं काय केलं मी?"

"माझ्या आईच्या मयताचं अन्न दाराबाहेर ठेवलंस."

"ते मावशीने माफ केलं!"

"तिने तिचं केलं. माझं मी करत नाही."

त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. माझा हात धरून म्हणाला, "मामू, मग माझ्यावर हे ओझं राहील."

"राहू दे," मी म्हटलं.

येताना रिक्षात तो बाहेर बघत बसला. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "अम्मीने माफ केलं तर पुरे आहे. आईचा हक्क सगळ्यात मोठा."

म्हणून तो तुझ्याकडे येतो आहे, आपा. नाहीतर लंडनवरूनच गेला असता. तो ज्यांना मानतो त्या मौलवींनीच त्याला सांगितलं आहे की आईच्या मर्जीशिवाय निघायचं नाही. तो तुला खरं कारण सांगणार नाही, खोटंही सांगणार नाही. फक्त मागेल. प्रवासातून आलेलं पोर गळ्यात पडून म्हणेल, अम्मी, पाजलेलं दूध माफ कर. आणि तू विचार न करता म्हणशील, केलं रे बाळा. आपल्या तोंडात ते बसलेलंच आहे.

ते म्हणू नकोस.

दुल्हाभाईंना सांग, पासपोर्ट काढून घ्या. पण तो दुसरा मिळवेल. पोलिसांकडे जायचं का, ते तुम्ही ठरवा, तिथलं मला कळत नाही. मारू नका. त्याच्या कॅसेटी फेकू नका, त्यातली माणसं खरंच मेली आहेत. त्याला पाहुणा म्हणू नका. तो वाद घालेल तर हरा, मीही हरलो. फक्त माफ करू नका. तो रडेल, पाय धरेल, तरी नाही. तुझ्या नाहीवर तो जितके दिवस अडेल, तितके दिवस तो जिवंत आहे.

अम्माच्या कबरीवर मी माझ्या हाताने माती टाकली. तिच्या वयाला ते ठीक होतं. याची माती कुठली, ते आपल्याला कुणी येऊन सांगणारही नाही.

वाचून झालं असेल तर हे पत्र मिटून ठेव. तो तुझ्याकडेच बघत असेल. त्याला जेवायला वाढ, आणि तो मागायला लागला की त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हण.

त्याला अजून माफ न केलेला,
तुझा भाऊ
इस्माईल