पूर्ण बाह्यांचे सदरे

दिनांक ११ मे, सोमवार

मी, लिहून देणार, तुझा बाप, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा शिवणकाम, हे पत्र कोणाच्याही दबावाविना लिहितो.

चिरंजीवास आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा पूर्ववत दुखतो. तुझी कन्या सुट्टीत आनंदात असून माझ्याशी रोज दोन वेळा भांडते. तिला सोडून तू गाडीतूनच परत फिरलास, त्याबद्दल मी काही विचारीत नाही.

कन्येस वेशभूषा स्पर्धेत उतरायचे आहे. तिने मोबाइलवर एक योद्धा दाखवला. जांभळा अंगरखा, खांद्यावर पिसे, कपाळावर आरसे, कानांत झुंबराएवढे डूल. मी म्हणालो, "हा लढायला निघाला की बँड वाजवायला?"

"आजोबा, तो मुद्दाम चमकतो. लहानपणी त्याचे वडील त्याला अंधारात कोंडायचे, काठीने मारायचे. आता तो म्हणतो, मला न बघता पुढे जाऊनच दाखवा!"

"कार्टूनला कसले आले बालपण?"

"कार्टून नाही हो, जपानी ॲनिमे!"

कापडाचा अंदाज घेण्यासाठी मी त्याचे अकरा भाग पाहिले. एका भागात शिष्याच्या हातून त्याची तलवार मोडते. योद्धा हात उगारतो. मग तोच हात स्वतःच्या खांद्याकडे नेतो, एक पीस उपटतो आणि शिष्याच्या केसांत खोचतो. तेथे माझ्या चष्म्यावर धूळ बसल्याने पुढचे नीट दिसले नाही.

पाच दिवसांत अंगरखा पुरा केला. शनिवारी तिने तो घालून पाहिला.

"आजोबा, बाह्या चुकल्या."

"माझ्या?"

"त्याचे हात उघडे असतात. हातांवरचे वळ तो झाकत नाही, त्यांच्याभोवती सोनेरी रंग लावतो."

न सांगता माझ्या कात्रीने पूर्ण बाह्या बेतल्या होत्या. तुझी आई आतून म्हणाली, "हाताची सवय आहे ती."

तेव्हा कन्येने विचारले, "बाबासुद्धा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्याच घालतात. का हो?"

मी यंत्रात तेल घालू लागलो. तेल सकाळीच घातले होते.

सबब आता नमूद करतो. तुझ्या शाळेत सगळी मुले अर्ध्या बाह्यांत येत. तुझे सदरे मी पूर्ण बाह्यांचे शिवले. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, मुलाचा थाट आहे!" ती स्तुती मी घेतली. शाळेनंतर तुला यंत्रावर शिकायला बसवी; तुझी टीप वाकडी गेली, काज फाटले, की मी तुला कापड मोजायच्या लाकडी गजाने मारीत असे. वळ कुठवर उठले आहेत हे मला ठाऊक असे, म्हणून बाहीचे माप कधी चुकले नाही. तू नऊ वर्षांचा होतास.

मलाही असेच शिकवले गेले, हे कारण मी आजवर सांगत आलो. ते मागे घेतो. त्या योद्ध्यालाही तसेच शिकवले होते.

कन्या म्हणते, "बाबा रागावले की बाहेर चक्कर मारून येतात. हात नाही लावत." म्हणजे असा योद्धा आमच्याच घरात जन्मला. पिसे तेवढी नाहीत. हे मी तुला पूर्वीच सांगावयास हवे होते.

अंगरख्याच्या बाह्या उतरवल्या आहेत. गजाला सोनेरी कागद लावून तिची तलवार केली. तो मी परत मागणार नाही.

तुझ्यासाठी एक सदरा शिवला आहे, अर्ध्या बाह्यांचा. माप बावीस वर्षांपूर्वीचे, त्यात अंदाजाने दोन इंच वाढवले. अंगावर घालून पाहिल्याशिवाय शिंप्याला शेवटची टीप मारता येत नाही. रविवारी तिला न्यावयास येशील तेव्हा जिना चढून वर यावेस, ही विनंती. आज्ञा नव्हे. न आलास तर सदरा तिच्या हाती खाली पाठवीन, आणि तुझे काही चुकले असे मानणार नाही.

चूक माझी होती. हे शुद्धीवर असताना लिहिले आहे.

तुझा बाप

समक्ष हजर :
१) तुझी आई. तेव्हाही हजर होती आणि गप्प राहिली, असे तिने स्वतः लिहावयास सांगितले.
२) तुझी कन्या, योद्ध्याच्या वेशात, हात उघडे. मजकूर तिला वाचून दाखवलेला नाही. तो हक्क तुझा.