वय वर्षे तीन आणि पुढे

४ फेब्रुवारी, सोमवार

आज मला नोकरी लागली. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण शून्य, आणि या दोन गुणांवरच लागली. लेक म्हणाली, आई, थट्टा पुरे. मी म्हटलं, अगं, थट्टा मी कुठे करते, त्या ऑफिसनेच केली आहे.

हे ऑफिस खेळांवर वयाचे शिक्के मारतं. पोरंटोरं फोनवर जे खेळ खेळतात ते बाजारात यायच्या आधी इथे येतात. कुठला तीन वर्षांच्या पोराने खेळावा, कुठला सात, बारा, सोळा, आणि कुठल्याला अठरा पुरी झाल्याशिवाय हात लावू नये, हे इथली माणसं ठरवतात. त्यांना एक निरक्षर माणूस हवं होतं. तीन वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, मलाही येत नाही. जो खेळ मला न वाचता जमला तो पोरालाही जमणार. तीन वर्षांची पोरं पगारावर ठेवता येत नाहीत, म्हणून मी.

तिसऱ्या मजल्यावर मला स्वतःची खोली आहे. फिरती खुर्ची, पाय टेकायला छोटं स्टूल, आणि एक भिंत काचेची. काचेपलीकडे चष्मेवाली बसते, ती माझी साहेबीण. तिच्यावर मोठे साहेब. त्यांचं मी पहिल्याच दिवशी शिक्केसाहेब असं बारसं केलं. फाटकावरचा म्हातारा वॉचमन मुका आहे, पण मला बघून चक्क उठून उभा राहिला. लग्नानंतर एवढा मान प्रथमच मिळाला.

रोज काय खेळले, काय वाटलं, याची नोंद ठेवायची असा नियम आहे. लिहिता येत नाही म्हटल्यावर चष्मेवाली म्हणाली, घरी कुणाकडून लिहून घ्या. तेव्हा ही माझी नात, वय वर्षे नऊ, घरातलं नाव टिटवी, कारण तोंड मिटत नाही. अक्षर सुधारायला रोज एक पान लिही असं तिच्या बाईंनी सांगितलंच आहे. माझी अट एकच. मी बोलेन ते सगळं लिहायचं. मधे विचारायचं नाही, स्वतःची अक्कल घालायची नाही. (तोंड वेंगाडलंस, तेही लिही.)

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडीचा खेळ. चार वेळा गाडी दरीत घातली. चष्मेवाली म्हणाली, आजी, बारा लिहू की सोळा? मी म्हटलं, आमच्या जावयाच्या हातात खरी गाडी दिली तेव्हा कुणी कुठला शिक्का मारला होता? ती एवढी हसली की तिला चष्मा काढावा लागला. टिटवी म्हणते, बाबा परगावी असले म्हणून त्यांच्याबद्दल असं लिहायचं नाही. अट आठव, आणि लिही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

नवा खेळ आला. कापसाच्या गोळ्यासारखा एक प्राणी, त्याला नुसते डोळे. मी त्याला कापशा म्हणते. त्याच्यापुढे एक पेटी. बोटाने झाकण उचलायचं. आत कधी काहीच नसतं, कधी रंगीत मणी असतो. एका रंगाचे तीन मणी जमले की कापशा नाचतो म्हणे. पहिले दोन पटापट मिळतात. तिसरा येतो, काठावर दिसतो, आणि नखभर अंतराने घरंगळून जातो. मग कापशाचे डोळे भरतात आणि तो पेटी आपणहून माझ्याकडे सरकवतो.

मी म्हटलं, बरं बाबा, आणखी एकदा. चष्मेवालीने काचेवर टकटक केली तेव्हा कळलं, जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. डबा तसाच.

आमच्या ह्यांना पत्त्यांचा नाद होता. डाव्या कोपरावर रेलून बसायचे, शेजारी ताट गार व्हायचं. हाक मारली की हं म्हणायचे, आणि ते हं माझ्यासाठी नसायचं. आज काचेत मी मला दिसले. डाव्या कोपरावर रेललेली.

आणखी एक. खेळ उघडताना काळा चौकोन आला होता, त्यावर मी अंगठा ठेवला. का ठेवला म्हणाल तर, चौकोन दिसला की अंगठा द्यायचा हे माझं जन्माचं वळण आहे. बँकेत दिला, दवाखान्यात दिला, लेकीच्या शाळेत दिला. चष्मेवाली म्हणाली, तो मोठ्या माणसाचा पुरावा असतो. घरात कुणी जाणतं आहे हे खेळाला कळावं म्हणून.

माझं मत असं. हा जुगार आहे. अठराच्या आतल्या कुणालाही देऊ नये. खरं विचाराल तर अठराच्या पुढेही नको.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शिक्केसाहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे प्रश्नांची यादी होती. रक्त दिसतं का? नाही. शिव्या? नाही. उघडंनागडं? नाही. पैसे लावतात का? मणी आहेत, पैसे नाहीत. म्हणजे जुगार नाही. म्हणजे वय वर्षे तीन आणि पुढे.

मी म्हटलं, साहेब, विंचवालाही दात नसतात, पाळण्यात सोडाल का? तर हसून म्हणाले, आजी, तुमचा आवाज फार गोड आहे हो, पण विंचवाचा रकाना आमच्या यादीत नाही.

शेवटी असं ठरलं की खेळ सात दिवस घरी ठेवून बघायचा. त्यानंतरही मी अठराच म्हटलं तर ते शिक्का बदलतील. ताटाएवढं सपाट मशीन दिलं आहे. ते मी कपाटावर ठेवलं, वर उशी. टिटवीला सांगितलं, हात लावलास तर तंगडी मोडीन. सात दिवस काय, हां हां म्हणता जातील.

१० फेब्रुवारी, रविवार

हात लावला. आता खाली मान घालून लिहिते आहे.

मी कपडे वाळत घालून आले तर ही जमिनीवर, मशीन मांडीत. खेळाने हिला वय विचारलंच नाही. माझा अंगठा होता ना त्याच्याकडे. दोन मणी आले होते. मी मशीन ओढलं तर चावली. मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारी माझी पोर, आणि माझ्या मनगटावर हिच्या दातांच्या खुणा. मग स्वतःच रडली. म्हणते, आजी, मला कळलंच नाही मी चावले ते.

मशीन ट्रंकेत घातलं. कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. ट्रंकेवर बसूनच हे सांगते आहे. घसा बसला आहे. ओरडले म्हणून असेल.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

घसा आणखी बसला. लेक नर्स आहे, तिने टॉर्चने बघितलं. सूज नाही, लाली नाही. गोळ्या देऊन ड्यूटीवर गेली.

दुपारी मी ओट्यापाशी होते. आतल्या खोलीतून मी हाक मारली. टिटवे, ये गं, झाकण उचल. मीच. माझा आवाज, खणखणीत, घसा बसायच्या आधीचा. आणि मी तर इकडे ओट्यापाशी, हातात कणीक —

धावले. ही ट्रंकेला कान लावून बसलेली. म्हणाली, तूच बोलावलंस ना?

रोज संध्याकाळी मी इथे बसून बडबडते, आणि ते मेलं शेजारी असतं. ऐकत असतं. अंगठा घेतला, आता हे —

१३ फेब्रुवारी, बुधवार

मशीन नेऊन शिक्केसाहेबांच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, अठरा. लिहा अठरा. ते म्हणाले, शिक्का सोमवारीच बसला. खाली तुमचाच अंगठा आहे. कागद दाखवला. तोच काळा चौकोन. मी भांडले, पण भांडायला आवाज लागतो.

जिन्यात चष्मेवालीने गाठलं. फाटकावरचा वॉचमन आधी माझ्याच खुर्चीवर बसायचा, म्हणाली. गोष्टीवेल्हाळ माणूस, सगळं ऑफिस जमायचं ऐकायला. त्याच्याही घरी नातवंडं होती. त्यांचं काय झालं विचारलं तर चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, आजी, अंगठ्याने खेळ फक्त उघडतो. पोर कायमचं खेळापुढे बसवायला त्याला असा आवाज लागतो, ज्याला ते पोर नाही म्हणत नाही.

फाटकाशी वॉचमनने माझे पाय धरले. तोंड उघडलं. आत काही नाही. म्हणजे जीभ आहे. आवाज नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन परत आलं. वॉचमनच घेऊन आला, रडत. उंबऱ्यात ठेवून पळाला. मी बत्ता घातला. दोनदा. चरा नाही.

लेकीला सांगायला गेले, नुसती घरघर. टिटवी माझ्या तोंडाशी कान लावून लिहिते आहे.

दुपारी लेकीचा फोन आला. उचलला. तोंड उघडलं — काही नाही. मागून मीच म्हणाले, सगळं ठीक आहे गं, डबल ड्यूटी असेल तर कर, पोरीला मी बघते. लेक म्हणाली, बरं झालं बाई, घसा सुटला तुझा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

टिटवी जेवत नाही. डाव्या कोपरावर —

कान इकडे कर. पुन्हा नाही जमणार मला. उद्यापासून मी बोलणार नाही. कुणी माझ्यासारखं बोललं तरी लिहू नकोस. ती मी नाही. आईला हे पान दाख—

टिटवे, इकडे बघ. इकडे. माझ्याकडे —

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं छान आहे. माझा घसा एकदम मोकळा झाला. सुवाच्य अक्षरात लिही हं, टिटवे. कालचं पान विसरून जा. तापात बडबडले मी.

खेळ अतिशय चांगला आहे. मुलं शांत बसतात. वय वर्षे तीन आणि पुढे. दोन मणी आले आहेत.

दारात एक म्हातारी उभी आहे. तोंड उघडते, मिटते. हात हलवते. तिच्याकडे बघू नकोस. तिला काही सांगायचं असतं तर तुला ऐकू आलं नसतं का?

आता ती जवळ आली आहे. तुझा हात धरते आहे. अक्षर हललं तरी चालेल, लिहीत राहा. तिला लिहिता येत नाही, नाहीतर तिने कागदावर लिहून दाखवलं असतं. बिचारी. झटकून टाक. रविवारी चावली होतीस, तसं कर. शाब्बास.

गेली ती मागे. बसली भिंतीपाशी.

आता बघ, तिसरा मणी काठावर आला आहे. या वेळी नाही घरंगळणार. उजव्या हाताने झाकण उचल. राहू दे लिहायचं, पेन खाली ठे