कुलूपवाल्यांबद्दल, सहज विचारलंस म्हणून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरतं. बसमध्ये बसून कंबर अशी धरलीय की खाली वाकलो तर उठवायला तुलाच यावं लागेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? इकडे सगळं क्षेमकुशल. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे, आणि ते का हे पुढे येईलच.

मागच्या पत्रात सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर, अगदी शेवटी, कोपऱ्यात बारीक अक्षरात तू लिहिलंस, 'तुझे ते कुलूपवाले मित्र माणूस म्हणून कसे आहेत? सहज विचारते.' ताई, तुझं 'सहज' मी लहानपणापासून ओळखतो. (माझं लग्नसुद्धा तू 'सहज एक मुलगी बघून आले' म्हणालीस तेव्हाच ठरलं होतं.) तुमची ओळख ती केवढी? गेल्या खेपेला तुझ्या ट्रंकेची किल्ली हरवली, मी शेजारच्या दुकानातून त्यांना हाक मारली, त्यांनी ट्रंक उघडली, चहा प्यायला आणि गेले. पण तेव्हापासून हा गृहस्थ माझ्या शिलाईच्या मशीनपाशी येऊन उभा राहतो आणि 'ट्रंक बरी आहे ना?' म्हणून विचारतो. ट्रंक! ट्रंकेला काय धाड भरलीय? त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, भावोजींना जाऊनही झाली. मी काही दूधखुळा नाही. मीही ठरवलं, ताईने विचारलंय तर नीट पारखूनच कळवायचं.

शेजारी दुकान असून माणूस कळत नाही, प्रवासात कळतो म्हणतात. म्हणून एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं काढली. सकाळी बसने निघायचं, सीमेपलीकडचं शहर गाईडबाईंच्या मागे मागे फिरून बघायचं आणि संध्याकाळी सीमा बंद व्हायच्या आत परतायचं. (भावजयीचा राग तो हाच. परदेशात नेलं ते कुलूपवाल्यांना, तिला नाही. कारण सांगता येत नव्हतं, ते तुझ्या अक्षरात होतं.)

आता दोष सांगतो, ते सोपे. पहिला म्हणजे हा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन परदेशी निघाला. सीमेवरच्या अधिकाऱ्याने तो जुडगा बाहेर काढला आणि भुवया वर केल्या. त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला. कुलूपवाल्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे खुणांनी सांगितलं की मी कुणाच्याही घराचं दार उघडू शकतो. खुणा इतक्या सुरेख केल्या की तीन शिपाई जमा झाले. गाईडबाईंनी रदबदली केली म्हणून सुटलो, पण जुडगा चौकीतच ठेवून घेतला. मग ते शहरभर हात खिशात घालून, काहीतरी हरवल्यासारखे फिरत होते.

गाईडबाई पिवळी छत्री उंच धरून पुढे चालत. हुशार बाई, पण जॅकेट पाठीत इतकं घट्ट की प्रत्येक वळणावर माझा जीव शिवणीत अडकायचा. त्यांनी आम्हाला पूल दाखवला, मी जॅकेट पाहिलं. चौक दाखवला, कुलूपवाले एका बँकेच्या दाराशी ओणवे होऊन कडीकोयंडा न्याहाळत होते. (पहारेकरी आला. पुन्हा रदबदली.) बसमधल्या मंडळींनी जेवणाच्या वेळी आमच्या बाकावर बसायचं टाळलं. त्यावर ते म्हणाले, बरं झालं, ऐसपैस बसू. आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या डब्यात वाढलं. हा दोष नाही, पण खरं ते लिहायला हवं.

खरी फजिती राजवाड्यात झाली. दालनांच्या शेवटी एक बारकी खोली होती, माझ्या दुकानातल्या ट्रायलच्या खोलीएवढी, आणि तिच्यात कुण्या जुन्या राजाचा कोट पुतळ्यावर चढवलेला. ताई, काय सांगू तुला! राजाचा एक खांदा उतरता असणार, कारण शिंप्याने डाव्या खांद्यात आतून असं अस्तर भरलं होतं की कुणाच्या बापाला कळू नये. मला कळलं. बाकी सगळे छत्रीमागून पुढे गेले, मी मात्र गळ्यातली टेप काढून आत शिरलो. कुलूपवाले बाहेर थांबले, कारण दाराला किल्लीसकट जुनं, हातभर कुलूप होतं. कसं चालतं बघावं म्हणून त्यांनी दार ओढून किल्ली फिरवली. खट्. बंद झालं. उलटी फिरवली. पुन्हा खट्. दार ढिम्म.

ज्या माणसाच्या दुकानावर 'न उघडणारे कुलूप दाखवा' अशी पाटी आहे, त्याची ही गत. पहारेकरी आला, गाईडबाई आल्या, त्यांची छत्री रागाने मिटली. सीमा बंद होईल, बस थांबणार नाही, वाड्याचा कुलपं बघणारा माणूस सकाळीच येईल, तेव्हा कुलूपवाल्यांनी तरी बसमध्ये बसावं, असं त्यांनी बजावलं. हे सगळं मी दाराआडून ऐकत होतो. परका देश, पासपोर्ट बाईंकडे, सोबतीला बिनडोक्याचा राजा. आणि मग ऐकू आलं, 'तुम्ही व्हा पुढे. मास्तर आत आहेत तोवर मी इथून हलत नाही.' आणि ते दाराला पाठ लावून खाली बसल्याचा आवाज आला.

सगळे गेल्यावर दारापलीकडून ते बोलू लागले. समोर तोंड दिसत नसलं की माणूस मोकळा होतो बहुतेक. म्हणाले, 'मास्तर, एक करा, हे तुमच्या ताईंना कळवू नका. त्यांची ट्रंक उघडली तेव्हा त्या हसल्या होत्या. तेवढ्या हसण्यावर मी इतके महिने काढले. आज ना उद्या तुमच्याकडे शब्द टाकणार होतो. आता कुठल्या तोंडाने टाकू?'  

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि दार उघडलं. आम्ही दोघं धावत सुटलो. (मी, या वयात!) बस सुरूच होती, गाईडबाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण थांबल्या होत्या. परत येताना ते खिडकीला डोकं टेकून झोपले. चौकीत जुडगा परत मिळाला, तो मांडीवर घेऊन.

तर माणूस म्हणून कसे, हे तू सहज विचारलंस. हट्टी आहेत, बोलायला नको तिथे बोलतात आणि बोलायला हवं तिथे महिनोन्‌महिने गप्प बसतात. पण माझ्यासाठी परक्या देशात बस सोडायला निघाले, ताई. मला माझ्या सख्ख्या माणसांतही असं कुणी पटकन आठवत नाही. (तू सोडून. रागावू नकोस.)

तुझा धाकटा

ता. क. कुलूप पहिल्याच फटक्यात उघडलं होतं. हातात टेप आली की माझा हात आपोआप ट्रायलच्या खोलीची कडी लावतो, तशी त्यांनी दार ओढताच मी त्या खोलीचीही आतून लावली होती, हे मला सगळे गेल्यावर दार उघडायला गेलो तेव्हा दिसलं. कडी काढणारच होतो, तेवढ्यात त्यांनी तुझं नाव काढलं. मग पुरतं ऐकून होईपर्यंत मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो, आणि किल्ली फिरल्यावर हळूच सरकवली.

आणखी ता. क. त्यांनी दुकानावरची पाटी उतरवलीय आणि तुझ्याबद्दल शब्द काढायचा नाही असं मनाशी पक्कं केलंय. खरं सांगावं तर मी कडी धरून मुद्दाम सगळं ऐकून घेतलं हे कळून ते तोंड लपवतील. तेव्हा तूच त्यांना चार ओळी लिही. ट्रंक पुन्हा अडलीय म्हण. लिफाफा मात्र फार चिकटवू नकोस, सध्या त्यांचा हात कचरतोय.

शेवटचं. ते बसमध्ये झोपले होते तेव्हा मी त्यांच्या खांद्याचं माप घेतलं. डावा जरा उतरता आहे, अस्तर भरावं लागेल. काल कापड आणलंय. सहज.