घाट उतरेल अशी गाडी

पेठ रोड, नाशिक
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप झुंबरमामांस,
चैतालीचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळे जिवंत आहोत. फोन लावला की तुम्ही दोनदा हां-हां करता आणि ठेवून देता. मामी म्हणाली, त्यांना काही सांगायचं तर लिहून पाठव, लिहिलेलं ते नीट वाचतात. म्हणून पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी मला विचारलं की नोकरीचा अर्ज आहे का. मी म्हटलं मामाला पत्र आहे, तर हसल्याच.

तुमचा जावई धम्मपाल अजून अंथरुणावर. कोटंबीच्या घाटात ब्रेक जाऊन गाडी कठड्यावर आपटली त्याला पाच महिने होत आले, पण कमरेखाली काही हलत नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पायांची आशा धरू नका. त्याला मी सांगितलेलं नाही, पण तो काय कुक्कुलं बाळ आहे? व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातले दादा येतात, त्यांना हाकलून देतो. दोन घास खातो आणि ताट सरकवतो. मी बोलले की भिंतीकडे बघतो.

आता कामाचं. करंजाळी, पेठ, हरसूलच्या आठवडे बाजारांना किराणा पोचवायचं आपलं काम कोंडाजीशेठनी अजून कुणाला दिलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. एक डिसेंबरला दारात गाडी नसेल तर दुसरा माणूस तयार आहे, आणि ते काम गेलं की आमच्या घरात येणारं सगळंच गेलं. गाडी मी चालवणार आहे. लायसन ऑगस्टमध्ये निघालं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं की घाटात भीती नाही का वाटणार.

विम्याचं जे आलं त्यात एक जुनी पिकअप बसते. ती फसली तर दुसरी नाही. तीन बघून ठेवल्यात आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही या. पेचकसाचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावा, डोळे मिटा आणि सांगा. झुंबरने ऐकलेली गाडी दगा देत नाही असं अख्खं मालेगाव म्हणतं. धम्मपालची गाडीही तुम्हीच ऐकून दिली होती. पण आमचं नशीबच फुटकं, त्याला तुम्ही तरी काय करणार.

मामीला जयभीम. माया पत्रातून नको, स्वतः घेऊन या.

तुमची भाची,
चैताली

मालेगाव
८ नोव्हेंबर

चि. सौ. चैतालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. मंगल होवो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोरी, येणं होणार नाय. गुडघे धरलेत, एसटीची पायरी चढवत नाय. आणि गाडी बघायला मामाच पाहिजे असं काय नाय. सायकलची चेन उतरली की रडत बसायची ती चैताली आता घाटात पिकअप नेणार म्हणते, तर गाडीपण तीच बघंल.

सांगतो तसं कर. सकाळी लवकर जा, न सांगता जा. आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर समज की तू यायच्या आत त्यानं गाडी चालू करून ठेवलेली, थंडीत ती उठत नाय. तशीच माघारी ये. गार असंल तर चालू करायला लाव, इंजिनच्या ऑइलचं झाकण काढ आणि तोंडावर तळहात धर. धूर फुसफुस हाताला मारला तर इंजिन बसलेलं. खाली वाकून चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा बघ. जुन्या गाडीला खालून नवा काळा रंग कोणी हौसेनं मारत नाय, किल्लीनं खरवड. ब्रेक एक मिनिट दाबून धर, पाय हळूहळू खाली जायला लागला तर उठून ये. आणि मोकळी गाडी चालवून भुलू नको. मोकळी गाडी म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोरगं, गुणीच दिसणार. माल भरून उताराला ने. खाली आल्यावर चारी चाकांना हात लाव, एक गरम आणि एक गार असं असंल तर ब्रेक सारखे लागत नाय.

आवाजाच्या नादी लागू नको. आवाज काय, दलाल चार दिवसांपुरता बंद करून देतो.

धम्मपालला म्हणावं जेवत जा. तुझी मामी तुझ्या आठवणीनं डोळे पुसते. आमच्यावर जीव असू दे.

तुझा मामा,
झुंबर

पेठ रोड, नाशिक
१२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचा कागद घेऊन हिंडले. पहिली गाडी आडगाव नाक्यावरची. सकाळी सातला गेले, बॉनेट चहाच्या कपाएवढं गरम. दुसरीला खालून काळाभोर रंग, किल्लीनं खरवडलं तर आत वेल्डिंगचा हा एवढा जोड. दलाल म्हणाला, ताई तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं, तर त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तिसरी ओझरच्या एका द्राक्षवाल्याची. सात वर्षांची, पांढरी, स्प्रिंगचे पाटे शाबूत, बॉनेट गार, झाकणावर हात धरला तर काही नाही. सगळं तुम्ही लिहिलं तसं. फक्त ब्रेक मारला की मागून डाव्या बाजूला खर्र असा आवाज येतो, कधी येतो कधी येत नाही. मालक म्हणतो धूळ आहे. घरी येऊन धम्मपालला सांगितलं. महिन्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे मान वळवली. कसा आवाज, किती वेळ, उतारावर वाढतो का, सगळं विचारलं. मग म्हणाला, मामांना ऐकव, त्याशिवाय हात लावू नकोस. आणि परत भिंतीकडे.

मामा, तुम्ही या ना. गुडघ्याचं खरं असेल तर मी आडगावला एसटीपाशी उभी राहते, हात धरून उतरवते. की बाई माणूस गाडी चालवणार आणि तुम्ही शेजारी उभे राहणार याची लाज वाटते? तसं असेल तर तसं लिहा, मी पुन्हा विचारणार नाही.

अठरा दिवस राहिले. शेठचा माणूस एक दिवसाआड फोन करतो. मी त्याला हसून सांगते की गाडी झाल्यातच जमा आहे. मग न्हाणीत जाते, नळ सोडते आणि रडून घेते. मला त्या घाटाची भीती वाटते. हे घरात कुणाला सांगता येत नाही, कारण मी घाबरले असं कळलं तर सगळे कोसळतील. तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही काय ते बघा.

तुमच्या मायेची आज फार गरज आहे.

चैताली

मालेगाव
१६ नोव्हेंबर

चि. सौ. चैतालीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाय, तरी लिहितो.

लाज वाटते ती तुझी नाय. मला ऐकू येत नाय. डावा कान कधीचाच गेला होता, दोन वर्षांमागं उजवापण गेला. मामीला माहीत हाय, दुसऱ्या कोणाला नाय. गॅरेजवर कळलं असतं तर झुंबरच्या दारात गाडी कोणी लावली असती? म्हणून पेचकस टेकवायचो, डोळे मिटायचो, मनात दहा मोजायचो आणि मान हलवायचो. हाताला बरंच कळतं, त्यावर निभून गेलं. मला वाटलं असंच निभंल.

धम्मपालनं ती गाडी दाखवायला आणली तेव्हा दुकानावर पाच-सहा जण बसलेले. त्यानं मागच्या चाकाकडं बोट करून मला काय तरी विचारलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मान हलवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं काय विचारलं ते मला आजपर्यंत माहीत नाय. पण तू ह्या खर्र आवाजाचं लिहिलं आणि माझ्या हातातून कागद पडला. चाक उघडून बघायला मला अर्धा तास लागला असता. भरल्या दुकानात परत विचारायची लाज वाटली.

तू नशिबाला बोल लावते ते वाचवत नाय. त्या पोराचे पाय माझ्या मानेनं गेले. पाच महिने मी हे तोंडात धरून बसलो. दवाखान्यात आलो तेव्हा तुझी सासू माझ्या गळ्यात पडून रडली, तरी बोललो नाय. माझ्यासारखा नालायक माणूस नाय.

मला बोलवू नको, दुसरा मिस्त्री बघ. एवढंच ऐक की ते डावं चाक उघडल्याशिवाय गाडी घेऊ नको.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाय.

झुंबर

पेठ रोड, नाशिक
१९ नोव्हेंबर

मामा, जयभीम.

पत्र वाचून मी हातातली परात आपटली, तिचा काठ वाकला. एक रात्र धम्मपालला सांगितलं नाही. आज सकाळी वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकलं. मग सांगितलं की त्या दिवशी त्यानं त्या आवाजाचंच विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत, म्हणून पुढे तीन आठवडे आवाज येत राहिला तरी त्यानं कुणाला दाखवली नाही. झुंबरमामांनी ऐकलेली गाडी दुसऱ्याला दाखवायची म्हणजे मामांचा अपमान, असं त्याला वाटलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही. पण दुसरा मिस्त्री मला नको. त्याला काय पडलंय? तुम्ही आता चाकाचा एकेक नट चार वेळा बघाल.

रविवारी सकाळी आडगावला उतरा. चाक तुम्ही उघडायचं. ऐकायचं काम माझं, हात तुमचे. मग गाडी भरायची आणि घाट उतरताना तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. तुम्हाला बसवत नसेल तर ती गाडी मलाही नको.

वाट बघते.

चैताली

मालेगाव
२७ नोव्हेंबर

चि. सौ. चैतालीस,
मामाचे आशीर्वाद, गोड मानून घे.

घरी येऊन तीन दिवस झाले. त्या डाव्या चाकातले ब्रेकचे लायनर पार रिबिटापर्यंत घासलेले, ते आपण बदलले म्हणून बरं. घाटात तू माझ्या मांडीवर दोनदा चापट मारून ब्रेक दाबला, खिडकीतून मागच्या चाकाकडं कान दिला आणि आवाज नाय अशी मान हलवली, तेव्हा माझा जीव जाग्यावर आला. धम्मपालची गाडी आपटली तिथल्या नव्या कठड्यापाशी तू समोर बघत होती. मी कठड्याकडं बघितलं. खाली आल्यावर चारी चाकांना हात लावला, चारी सारखी ऊन. पोरी, गाडी चांगली हाय. हे मी आता हातानं सांगतो. दर पंधरा दिवसांनी मी येणार आणि चाकं उघडणार, नको म्हणू नको.

एक विचारायचंय म्हणून लिहायला बसलो. निघताना मी धम्मपालच्या पलंगापाशी गेलो. मला वाटलं तो तोंड फिरवंल. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि लय वेळ बोलला. मी त्याच्या ओठांकडं बघत होतो, एक शब्द समजला नाय. त्याचे डोळे भरले होते. मला परत विचारायचं धाडस झालं नाय. मी मान हलवली.

चैताली, मी परत मान हलवली. तो काय म्हणाला ते तुला माहीत असंल तर लिही. शिव्या दिल्या असतील तर शिव्या लिही.

म्हाताऱ्याला टाकू नको.

झुंबर

पेठ रोड, नाशिक
१ डिसेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आज पहिली फेरी झाली. करंजाळीला माल उतरवून दुपारी घरी पोचले. जाताना हात घामानं ओले होते, येताना भूक लागली. गाडी उत्तम. शेठनी पुढच्या वर्षाचं काम नक्की केलं.

धम्मपाल बोलला तेव्हा मी दारातच उभी होते. त्यानं तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत. तो म्हणाला की डॉक्टर आणि चैताली दोघं माझ्याशी खोटं बोलतात. तुम्ही एवढं मोठं कबूल केलंत, आता तुम्ही काही लपवणार नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. ही गाडी मी कधी चालवीन का? माझे पाय येतील का? आणि तुम्ही मान हलवलीत.

तुम्ही ओठांवरून समजलात असं त्याला वाटलं, पण मला कळलं होतं की तुम्हाला काही समजलेलं नाही. मी दोन पावलं पुढे आले असते तर झालं असतं. आले नाही. त्याचा उजळलेला चेहरा बघितला आणि पाय उचललाच नाही. तेव्हा हा गुन्हा आता तुमच्या एकट्याचा नाही.

सोमवारी त्यानं व्यायामाच्या दादांना स्वतः फोन करून बोलावलं. सकाळ-संध्याकाळ घामाघूम होईपर्यंत करतो. दोन भाकरी खातो. सासूबाई हसायला लागल्यात. डॉक्टरांना मी परत भेटले, ते म्हणाले व्यायाम चांगलाच आहे, पण मी आधी सांगितलं त्यात फरक नाही.

तुम्ही पुढच्या रविवारी चाकं बघायला येताय असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, मामांना विचारायचंय की अजून किती महिने लागतील. आणि तुम्हाला ओठ वाचायचा त्रास नको म्हणून तो हे कागदावर लिहून ठेवणार आहे, मोठ्या अक्षरात. मामा, यावेळी तुम्हाला प्रश्न कळणार आहे. काय उत्तर द्यायचं ते मला विचारू नका. मला माहीत असतं तर मीच दिलं असतं.

या मात्र नक्की. मी एसटीपाशी उभी राहते.

तुमचीच,
चैताली